खुडूक कोंबडीखालचं अंडं
पेंढ्याचा आणि पिसांचा उबट वास आला की रत्नागिरीतल्या शेजारच्या काकूंची पडवी आठवते. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवते. त्या रोखल्या तर तिच्या पेशी मरतात का, हे मी तेव्हा प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर तपासत होतो. अंडी काकूंकडची, आणि काकूंना तोच आजार. एकदा अंडी उचलताना, उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीनं मला चोच मारली. काकू हसल्या, "मारणारच! पोरं नेतोस तिची. एक ठेव हां खाली, आशेवर बसू दे बिचारीला." मग हळूच विचारलं, "तुझं औषध मला मिळेल ना रे?" औषध व्हायला वर्षं लागणार, हे मला ठाऊक होतं. "मिळेल की, काकू," मी म्हणालो. अंड्यांतल्या रक्तवाहिन्या खरोखरच वाढायच्या थांबल्या, तेव्हा काकू नव्हत्या. आता कळतं, त्या दिवशी एक अंडं मी त्यांच्यासाठीही ठेवलं होतं.