टँकरचा भोंगा आणि सरूचं लक्ष

लक्ष एका जागी ठेवा, असं मी मुलांना रोज सांगते. पण कुठल्या जागी? हा प्रश्न मला आज पडला.

आमच्या गावच्या दूध संस्थेची खोली दुष्काळामुळे रिकामी पडली आहे. ज्यांचं लक्ष टिकत नाही अशा मुलांना तिथे मी डोळे मिटून श्वास मोजायला शिकवते. बाहेर कसलाही आवाज आला तरी उठायचं नाही, हा माझा नियम.

नऊ वर्षांच्या सरूचे कान कायम दाराकडे असायचे. आज टँकरचा भोंगा वाजला, बाकीची पोरं पळाली, पण सरू हलली नाही. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

भोंगा वाजला की हंडा रांगेत लावायचं काम घरोघरी पोरांचंच. लहानपणी मीही ते केलंय. तरी टाळ्या वाजवताना आठवलं नाही.

सरूची आई मजुरीवरून थेट आमच्या खोलीत आली तोवर टँकर रिकामा होऊन गेला होता.

"लई मन लावून बसलीस का गं? आता तहान लागली की श्वासच पी."

दारात जमलेल्या बाया हसल्या.

"मॅडम म्हनल्या, उठायचं न्हाई," सरू म्हणाली.

आईने तिला मारलं. सरूने डोळे मिटले आणि ती श्वास मोजू लागली. मी शिकवलं होतं, अगदी तसं.

संध्याकाळी आमच्या घरची भरलेली घागर तिच्या दारात ठेवली आणि खोलीची किल्ली संस्थेच्या सचिवांना परत देऊन आले.