मामा 'येतो' म्हणाले

ज्यांना आयुष्यात कधी अनोळखी माणूस भेटलाच नाही असे माझ्या पाहण्यातले एकमेव गृहस्थ म्हणजे तुमच्या आईचे नागपूरचे मामा. आपण ज्यांना अनोळखी म्हणतो ती माणसं त्यांच्या लेखी फक्त बोलायची राहिलेली असत. एका उन्हाळ्यात ते भाचीकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहायला आले. मीही तेव्हा तिथेच, मुलाकडे होते. तिथले लोक 'हाउ आर यू' म्हणतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. मामा थांबत, आणि समोरच्यालाही थांबायला लावत. इंग्रजी बेधडक बोलत, म्हणजे मराठी वाक्य जसंच्या तसं उचलून पलीकडे नेऊन ठेवत. गाडी फार वेगात होती म्हणून एकदा पोलिसाने आम्हाला अडवलं, तर मामांनी मागच्या सीटवरून त्याला 'जेवलात का?' असं इंग्रजीत विचारलं. तो 'नो, सर' म्हणाला. मामांनी लगेच चिवड्याचा डबा पुढे केला. तुमच्या बाबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही सगळे तीन तासांवरच्या एका लहानशा गावी रात्रीपुरते राहायला गेलो. तुमच्यातला मोठा तेव्हा चार वर्षांचा होता आणि धाकटी जन्मायची होती. गाव म्हणजे मक्याच्या शेतांमध्ये कोर्टाची एक इमारत, तिच्याभोवती चौक, दोन चर्च आणि पाण्याची टाकी. एक विधवा बाई आपल्या घरातल्या वरच्या खोल्या पाहुण्यांना देत आणि सकाळी न्याहारी घालत. त्यांच्याकडे आम्ही उतरलो. पलंगावर ठिगळांची सुंदर रजई होती. "अहो विहीणबाई, ही तर आपली वाकळ!" मामा ओरडले आणि ती हातात घेऊन थेट खाली गेले. दुपारी पाहते तो बाई व्हरांड्यात नवी रजई शिवत बसलेल्या आणि मामा समोर बसून त्यांना सुईत दोरा ओवून देत होते. दोघंही एकदमच बोलत होती. बाई हवेबद्दल बोलत होत्या आणि मामा आपल्या आईबद्दल. कुणाचं काही अडत नव्हतं.

रविवारी न्याहारीनंतर आम्ही निघालो. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे तुम्हाला आईने सांगितलं असेलच. 'जातो' म्हणजे कायमचा. मामा या बाबतीत फार कडक. मी बाईंना 'गुडबाय' म्हटलं तेवढंही त्यांना रुचलं नाही. आम्ही सामान ठेवत असताना त्यांनी पायरीवरून हात हलवला. "ओके मॅडम, वुई आर कमिंग!"

बाईंनी काहीतरी विचारलं. मामा हसून "यस, यस" म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

मग आम्ही जवळचं तळं पाहिलं, तिथे जेवलो आणि घराच्या वाटेला लागलो. अर्ध्याहून जास्त रस्ता संपला असेल, तेव्हा बाबांचा फोन वाजला. आईने तो घेतला. बाईच होत्या. घेवड्याच्या शेंगा मांस न घालता केल्या आहेत, छोट्यासाठी मक्याची कणसं आहेत, सहाला जेवायला बसायचं का, असं विचारत होत्या. आईने कसंबसं "थांबा, सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला.

"मामा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"मी काय सांगणार? येतो म्हटलं."

"कुठे येतो?"

"कुठे म्हणजे? येतो म्हणजे निघतो ना, बाप्पा!"

"आणि त्यांनी विचारलं ते?"

"जेवायला याल का, म्हणाल्या. आता जेवायला या म्हटल्यावर कोणी नाही म्हणते का? आपण म्हणतोच की, हो हो, येऊ."

बाबा म्हणाले, "मामा, उद्या सकाळी ऑफिसात माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. मी फोन करून सॉरी म्हणतो. जेवण कॅन्सल करतो."

"वाढलेलं ताट कॅन्सल नाही होत, जावईबापू."

"अहो, दोन तास मागे जावं लागेल!"

"मग मला इथे उतरवून द्या. मी जातो तिकडे." मामांच्या तोंडून 'जातो' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते चिडलेही नव्हते. फक्त पायात बूट चढवत होते. त्या हायवेवर दोन्ही बाजूंना मक्याशिवाय काही नव्हतं. आई म्हणाली, "पुढच्या एक्झिटला वळव रे. एक बाई आपल्यासाठी चुलीपाशी उभी आहे." बाबांनी गाडी वळवली.

बाईंनी जेवणाचं टेबल मांडलं होतं. काठाला सोनेरी रेघ असलेल्या प्लेट्स कपाटाच्या वरच्या खणातून काढल्या असाव्यात, कारण त्या नुकत्याच धुतलेल्या, ओल्या होत्या. बाईंनी गळ्यात मोत्यांची माळ घातली होती. न्याहारी करून माणसं निघून जातात, संध्याकाळी कुणी परतत नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि शेंगांचं भांडं पुढे केलं. मामांनी तीन वेळा वाढून घेतलं. शेंगा अळणी होत्या.

खरी पंचाईत निघताना झाली. मामा पायरीवर उभे राहिले. 'येतो' म्हणावं तर बाई उद्या पुन्हा टेबल मांडतील, आणि 'जातो' म्हणवत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विहीणबाई, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. सांगा, काय म्हणू?" माझ्याकडे 'गुडबाय'च होतं, आणि ते त्यांना चालणार नव्हतं. मामांनी थोडा विचार केला आणि हात जोडले. "मॅडम, यू कम. नागपूर."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आय जस्ट माइट." म्हणजे, येईनही एखादे वेळी.

आपल्याला ठाऊक आहे, तिथे हे असं नुसतं म्हणायची पद्धत असते. मामांना ठाऊक नव्हतं, किंवा असूनही त्यांनी मानलं नाही. पुढे दर थंडीत त्यांचा मला पुण्याला फोन येई, "त्या बाईंना कळवा, संत्री आली. तुमच्या चांगल्या इंग्रजीत कळवा." मी कळवत असे. गुडघा बरा झाला की बघते, असं एकदा उत्तर आलं. मामांना तेवढं पुरलं.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. परवा मी नागपूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा मामींनी मला पाहुण्यांच्या खोलीत झोपवलं. पलंग नेहमीपेक्षा वीतभर लांब दिसला, म्हणून मी विचारलं. मामी म्हणाल्या, "ह्यांनी सुताराकडून मुद्दाम करून घेतला. ती अमेरिकेतली बाई फार उंच आहे म्हणत होते."

मी दिवा मालवून आडवी झाले. पायाशी बरीच जागा उरली होती.