तोंडावरच्या वाऱ्यातले आठ तास

माझ्या थोरल्या भावाचा, सोपानदादाचा फोन आला तेव्हा मी कोरियात, सोलच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "आप्पा गेलं गं..." एवढंच तो बोलू शकला. मग सावरून म्हणाला, "तू निघ. अग्नी तूच द्यायचा, असं आप्पांनी मला दवाखान्यात सांगितलंय. आम्ही थांबतो."

सोलहून दिल्ली साडेचार हजार किलोमीटरच्या वर, आठ तास. पुढे पुण्याचं विमान, मग गाडीने आमचं गाव, राहू. हा हिशेब आमच्या घरात सगळ्यात पक्का पाठ होता तो आप्पांना. कारेगावला खोली घेऊन मी एका कोरियन कंपनीत क्वालिटी विभागात होते, तिथून सोलला बदलीचं विचारलं गेलं. तेव्हा माझे चुलते, तात्या, अंगणात बसून तावातावाने म्हणाले होते, "बिनलग्नाची पोर इतक्या लांब धाडायची?" आप्पा माझ्याकडे वळले. मला विचारलं, "इमानाला किती येळ लागतो?"

"दिल्लीहून साडेसहा तास, आप्पा."

ते हसले. आमचा ऊस आणि विहीर हे सगळं नंतरचं. आप्पांचं तरुणपण मेंढरांमागे गेलेलं. दिवाळी झाली की राहू सोडायचं, कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. ते तात्यांना म्हणाले, "तात्या, आपला महिना वाटंतच मोडायचा. आपण कुठं हाय ते आईला ठावं नसायचं. ही एक भाकरी हितं खाईल, दुसरी तिथं. कुठं लांब हाय?"

येताना मात्र आठ तास लागतात, हेही मी सांगितलं. वरचा वारा येताना समोरून असतो म्हणून. आप्पांनी मान डोलावली. "तोंडावर वारं आलं की मेंढरंबी माना खाली घालून चालत्यात. पर पोचत्यात."

मी गेले, आणि आप्पांना बोलायला विषय मिळाला. भांडगावला सोलापूर हायवेवर चहा घेताना कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरगी सोलला असती. सोलापूर न्हवं, सोल! हा रस्ता तिकडं जात न्हाई." समोरचा हसला की आणखी एक चहा सांगायचे.

त्या दिवशी विमानात समोरच्या पडद्यावर ते छोटं विमान हलता हलत नव्हतं. मी मान खाली घालून बसून राहिले. घरी पोहोचले तेव्हा आप्पा बर्फाच्या पेटीत होते आणि अंगण माणसांनी भरलेलं. एवढा वेळ ठेवू नये, पोरीच्या हातून हे करू नये, असं तात्या आधी म्हणाले होते. दादा हलला नाही... पण नदीकाठी चितेपाशी तात्यांनीच पेटतं लाकूड माझ्या हातात दिलं. "घे. तुझ्या बापाचा शब्द हाय." मी अग्नी दिला. आप्पांची लेक म्हणून सगळ्यांसमोर उभं राहताना रडू आलं नाही. ते नंतर आलं, आईच्या कुशीत.

विधी आटोपून परत सोलला आले. विमान उतरलं आणि सवयीने आप्पांचाच नंबर लावला गेला. आईने उचलला.

"उतरलीस? बरं झालं. आता वाढून घेते."

"आई, तू अजून जेवली नाहीस?"

"तू इमानात असलीस की तुझं आप्पा कवाच जेवलं न्हाईत. तुला सांगू नको म्हणायचं..." मग म्हणाली, "आता ते मी धरलंय."

पलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला.