मानेवरची गाठ आणि घुगुसकर सरांचा हट्ट

डॉ. विनायक घुगुसकर यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच एका काचपट्टीवरून झाली. भिलाईच्या ज्या रुग्णालयात ते मेडिसिनचे डॉक्टर होते, तिथल्या प्रयोगशाळेत मी नुकतीच तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले होते. लग्न होऊन दुर्गच्या पद्मनाभपुरात आले होते आणि नव्या नोकरीत नाव काढायचं मनात होतं. मी थुंकीची काचपट्टी तपासून अहवाल पाठवला. थोड्या वेळाने सर स्वतः खाली आले, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि एवढंच म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा केलं. ते पुन्हा म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्या खेपेला क्षयाचे दोन जंतू सापडले. शाबासकी सोडाच, सरांनी मला माझं नावसुद्धा विचारलं नाही. घरी जाऊन मी यजमानांना सांगितलं की या माणसाच्या हाताखाली माझं सहा महिनेही निभायचं नाही.

त्याला आता सोळा वर्षं झाली. सरांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात सरांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते त्यांच्या हट्टाबद्दल. त्या हट्टापायी आम्ही सगळ्यांनी इतका वैताग सोसला आहे की त्याची कुठेतरी नोंद व्हायलाच हवी. सध्या इकडे वेगळ्या राज्याच्या गप्पा जोरात आहेत. राज्य बदलेल, पाट्या बदलतील, सर काही बदलायचे नाहीत.

बर्फाचंच घ्या. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवायचा तर बर्फात, हे सरांनी आमच्या डोक्यात वर्षानुवर्षं ठोकून बसवलं. बर्फ वितळला म्हणून त्यांनी नमुने परत पाठवले आहेत, डबा नीट बंद नव्हता म्हणून मला भर दुपारी स्टेशनवर पळवलं आहे. माझे यजमान रेल्वेत गार्ड. दुर्ग-नागपूर मार्गावरच्या मराठी घरांतली लोणची, साड्या, औषधं सगळी ओळखीच्या गार्डाबरोबर नागपूरला जातात, तसे आमचे नमुनेही यजमानांबरोबर जायचे. सरांच्या धाकाने मी बर्फ भरायची आणि माझ्या धाकाने यजमान तो डबा सावलीत ठेवायचे. हे सगळं लिहून ठेवते आहे, कारण पुढे याच शिस्तीने आमचा घात केला.

देविदास आमच्याकडे आला तो हाडांचा सापळा होऊन. त्याचं खरं नाव हे नाही. कारखान्यात कामाला, घर उतईला, बायको इंदू आणि एक लहान मुलगी. त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं निदान झालं तेव्हा वॉर्डातली माणसं त्याच्या खाटेला वळसा घालून जायची. या आजाराला नुकतीच तीन औषधं एकत्र देऊ लागले होते. सरांनी त्यावरचं मिळेल ते वाचून काढलं, मुंबईला पत्रांमागून पत्रं धाडली आणि अखेर औषधं मिळवली. शरीराची प्रतिकारशक्ती ज्या पेशींवर उभी असते त्या सीडी-फोर पेशी किती उरल्या आहेत, हे सुरुवातीलाच त्याला नागपूरला नेऊन मोजून आणलं होतं. तो आकडा जेमतेम दोन आकडी होता. सरांनी अहवाल वाचला, टेबलावर पालथा ठेवला आणि देविदासला म्हणाले, "उद्यापासून गोळ्या. रिकामी डबी दाखवल्याशिवाय नवी मिळणार नाही."

महिनाभरात देविदासला भूक लागू लागली, तो इंदूकडे भाजी मागून खाऊ लागला. आम्ही सुटकेचा श्वास टाकतो तोच पाचव्या आठवड्यात तो मानेवर लिंबाएवढी गाठ आणि सणकून ताप घेऊन हजर झाला. गाठीतलं पाणी माझ्याच मायक्रोस्कोपखाली आलं. सर शेजारी उभे होतेच, त्यामुळे पहिल्याच खेपेला मी तीनदा पाहिलं. त्यात क्षयाचे जंतू होते.

देविदास भडकला. "गोळ्या खायच्या पहिले गाठ नव्हती ना साहेब? ताप बी नव्हता. मंग ह्या गोळ्याईनंच केलं ना हे?"

सरांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसले. "जंतू आधीपासूनच आत होते, देविदास. त्यांच्याशी भांडायची ताकदच तुझ्या अंगात नव्हती, म्हणून काही दिसत नव्हतं. आता ताकद येऊन राहिली, तर भांडण सुरू झालं. ही गाठ त्या भांडणाची आहे. क्षयाचं औषध वेगळं देतो. पण या गोळ्या सोडायच्या नाहीत."

"म्हंजे मी बरा होऊन राहिलो म्हणून मले ताप येऊन राहिला? असं कोठं असते का, साहेब?"

खरं सांगते, मलाही ते पटलं नव्हतं. बरं होताना माणूस आधी जास्त आजारी दिसतो, हे कुणाच्या गळी उतरावं? देविदासचा मेव्हणा रोज त्याच्या कानाशी लागत होता की डॉक्टर तुझ्यावर प्रयोग करून राहिले. शेवटी देविदासनेच अट घातली, "पहिले मले कागद दाखवा. रगत सुधरलं असंन तं गोळ्या खातो. नाई तं बंद."

म्हणजे आता सगळं एका नमुन्यावर आलं. सरांनी मला बोलावून तीनदा बजावलं, सीडी-फोरच्या या तपासणीला बर्फ चालत नाही, गारठ्याने या पेशी खराब होतात, आणि ऊनही लागता कामा नये. मी डबा बर्फाशिवाय भरला, कापडात गुंडाळला, यजमानांच्या हाती दिला. मे महिना होता. डोंगरगडला गाडी थांबली तेव्हा यजमानांनी डबा उघडून पाहिला. आत बर्फ नाही! त्यांना वाटलं, बायको घाईत विसरली, आता सर तिला फाडून खातील. बिचारे उन्हात धावत गेले, सरबतवाल्याकडून बर्फ आणला आणि नमुन्याभोवती ठासून भरला.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून नागपूरला फोन लावला तर तिकडून उत्तर आलं, नमुना निकामी. घरी येऊन यजमान मोठ्या कौतुकाने सांगू लागले, "अवं, तू बर्फ टाकाले विसरली होती, मी घेतला डोंगरगडले." मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्यावर ओरडावं तर कशाबद्दल? माझी अब्रू वाचवायलाच तर त्यांनी ते केलं होतं.

यजमान स्वतः सरांकडे माफी मागायला गेले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. सर म्हणाले, "चूक माझी आहे. मी कुसुमबाईंना सांगितलं, तुम्हाला सांगितलं नाही." आणि माझ्याकडे वळून, "पुन्हा." ज्या माणसाने एका काचपट्टीसाठी मला तीनदा राबवलं होतं, त्याने एवढ्या मोठ्या घोटाळ्याला एक शब्द वाकडा काढला नाही. यामुळे तर मला जास्तच राग आला. मनासारखं रागवायचीही या माणसाने सोय ठेवलेली नाही.

पण कागद आला नाही हे कळताच देविदासने गोळ्या बंद केल्या. दोन दिवस त्याने एकही गोळी घेतली नव्हती. सर स्कूटरवर मला मागे बसवून भर दुपारी उतईला निघाले. देविदासचं ताट, वाटी, पेला ओसरीच्या कोपऱ्यात वेगळे ठेवलेले होते. सरांनी ते पाहिले आणि इंदूला म्हणाले, "बाई, मी जेवलो नाही. त्या ताटात वाढा." इंदू थांबली, माझ्याकडे पाहू लागली. सरांनी उठून स्वतःच ताट आणलं. वरण-भात खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "गोळ्या कुठे आहेत?"

देविदासने तोंड फिरवलं. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सरांचा आवाज चढलेला ऐकला. "तू मेलास तर मला काय उत्तर देशील?" प्रश्न साफ चुकीचा होता, पण कुणी हसलं नाही. सरांचे डोळे भरून आले होते. देविदासने फळीवरून गोळ्यांची डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मग म्हणाला, "आठ दिवस खातो. तुमच्यासाठी."

दुसरा नमुना सर स्वतः घेऊन गेले. एक मोठं मडकं, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, आत कोरडी बरणी, बरणीत नमुना आणि शेजारी थर्मामीटर. सर ते मडकं मांडीवर घेऊन साध्या डब्यात बसले आणि गाडीत गार्ड असलेल्या माझ्या यजमानांना दर स्टेशनवर खिडकीशी बोलावून थर्मामीटर वाचायला लावला. "सात वेळा," यजमान आजही सांगतात, "सात वेळा! सिग्नल पाहू का याईचं मडकं पाहू?"

अहवाल आला तेव्हा दोन आकडी संख्या तीन आकडी झाली होती. सरांनी तो देविदासच्या हातात दिला. त्याला वाचता येत होतं, तरी त्याने तो मला वाचायला लावला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मंग ताप कवा जाईन?" गाठ उतरायला तीन महिने लागले. पुढच्या वर्षी तो कामावर परतला आणि आज मानेवरचा पुसट वण सोडला तर त्याच्याकडे पाहून कुणाला काही कळणार नाही.

हा लेख त्यानेच मला लिहायला लावला. "माह्यं नाव नको टाकू ताई, पोरगी शाळेत जाते. पण लिही." सत्काराच्या दिवशी तो सभागृहात बसलेला असेल. सर त्याला ओळख दाखवणार नाहीत, कारण एवढी काळजी घेण्याचाही त्यांना हट्ट आहे.

आता शेवटची तक्रार. निवृत्तीसाठी सरांचं टेबल आवरायला गेले तर खालच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. त्यांच्या स्वतःच्या. बहुतेक भरलेल्या. देविदासच्या एकेका गोळीचा हिशेब घेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गोळ्या खणात कोंबल्या होत्या! मी विचारलं तर म्हणाले, "विसरतो." माझा इतका संताप झाला की मी ते जाऊन थेट देविदासला सांगितलं.

त्याने किती पट्ट्या भरलेल्या होत्या ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "त्याईले सांगा, पुढच्या सोमवारपासून मी ड्युटीवर जायच्या पहिले त्याईच्या घरी येतो. रिकामी पट्टी दाखवल्याबिगर मी दारातून हलणार नाई."

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, असं लिहून आम्ही निर्धास्त व्हावं अशी सोय आपण ठेवलेली नाही. म्हणून ते काम आम्ही देविदासकडे सोपवलं आहे. सोमवारी सकाळी सहाला तो येईल. पट्टी तयार ठेवा.