आठव्या नंबरची रेकॉर्ड

डॉक्टरांनी पडदा बाजूला ओढला आणि दिवाणखान्यातली सगळी माणसं माझ्याकडं बघून हसली.

मी स्टुलावर बसलेलो. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावरची जरीची पट्टी काळी पडलेली, डोक्यावर तुऱ्याची टोपी. हातात क्लारनेट. ओठ अजून ओले होते. मिनिटभरापूर्वी ह्याच माणसांनी मला दहापैकी दहा मार्क दिले होते. मला म्हणजे, त्यांच्या मते अमेरिकेतल्या कुणा नामी वादकाला.

वकीलसाहेब पुढच्याच खुर्चीत होते. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. त्यांनी चष्मा पुसला, मांडीवरचा कागद घेतला आणि आठ नंबरासमोरचा दहाचा आकडा खोडला. तिथं चार लिहिले. मला सगळं दिसत होतं.

"आता खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "शेवटी सूर जरा हललाच होता."

सूर हलला नव्हता. हलला असता तर मला त्यांच्या आधी कळलं असतं.

मी होलार. आमचं गाव वेळापूरच्या पलीकडं. वाजवणं हे आमच्या जातीला नेमून दिलेलं काम. माझे वडील, आबा, सनई वाजवायचे. लग्नात नवरदेव मारुतीच्या पाया पडायला देवळात जाई तेव्हा आबा पायरीच्या खाली उभं राहून वाजवायचे. नवरदेव बाहेर येईतो थांबायचं नाही, ही रीत. आत गप्पा चालायच्या, पान खाल्लं जायचं, फोटो काढायचे झाले तर तेही. आबा खाली उन्हात, गाल फुगवून. एकदा वाजवता वाजवता त्यांच्या नाकातून रक्त आलं तरी त्यांनी सनई खाली घेतली नाही. लोक म्हणाले, दमाचा माणूस हाय. पायरी चढ असं कुणी म्हणालं नाही.

मी पळून सोलापूरला आलो. शहरात कोण कुणाची जात विचारतं, असं वाटायचं. चाँदभाईंच्या बँडमध्ये क्लारनेट धरली. चाँदभाई आमचे मास्तर, तोंडानं फाटके पण मनानं मोठे. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. वरातीत कुणी कुणाकडं बघत नाही, गर्दी असते, धूळ असते. पुढच्याचा दम कधी संपणार ते कानानं ओळखायचं आणि तो संपायच्या आधी आपण सूर उचलायचा. लोकांना कळता कामा नये. दोन वर्षांत मला आमच्या चौदाही जणांचा श्वास पाठ झाला. कोण आज उपाशी आहे, कुणी प्यायलंय, कुणाची दाढ दुखतेय, मी मागं न बघता सांगायचो.

बँडची क्लारनेट मात्र अगदी टाकाऊ. सांध्यांना दोरा गुंडाळलेला, दोन चाव्या सायकलच्या ट्यूबच्या रबरावर चालायच्या. रबर तुटलं की वरच्या सुरांची बोंब. मी तिच्याशी भांडतच वाजवायचो.

एका वरातीत डॉक्टरांनी मला ऐकलं. त्यांचा बंगला रेल्वे लाइन्सकडं होता. ते विलायतेला शिकून आलेले, आणि येताना पेटीभर जॅझच्या रेकॉर्डी घेऊन आलेले. दर महिन्याला एका रविवारी दुपारी त्यांच्याकडं सहा-सात मंडळी जमायची आणि एक खेळ चालायचा. आतल्या खोलीत डॉक्टर एकामागून एक दहा रेकॉर्डी लावणार, दाराला पडदा. बाहेरच्यांनी नुसतं ऐकून ओळखायचं, वाजवणारा कोण. कागदावर नाव लिहायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. पडदा कशाला, तर रेकॉर्डवरचं चित्र बघून मन बनू नये म्हणून. नुसत्या कानानं न्याय.

डॉक्टरांना ह्या वेळी गंमत करायची होती. त्यांच्याकडं शिकणाऱ्यांसाठीची एक रेकॉर्ड होती. तिच्यात पियानो, ढोल, सगळे साथीदार वाजवत होते, पण पुढचा वादक नव्हता. त्याची जागा मोकळी. ती जागा मी भरायची आणि मंडळींनी फसायचं.

मग त्यांनी कपाटातून एक डबा काढला. आत निळी मखमल, आणि मखमलीत काळीभोर क्लारनेट. विलायतेत हौसेनं घेतलेली, कधीच न वाजवलेली. म्हणाले, "नीट जमवलंस तर ही तुझी."

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. बायकोशी बोलताना बोटं आपोआप हलायची. हावरटपणाच म्हणा. पण ज्याला आयुष्यभर रबर बांधून वाजवावं लागलंय त्यालाच ती हाव कळेल.

सराव म्हणून मी तीन आठवडे रोज दुपारी डॉक्टरांकडं जायचो. मागच्या दारानं. स्वयंपाकघराच्या मागं ओटा होता, तिथं बसायचं. आत ती मोकळ्या जागेची रेकॉर्ड लागायची, मग पेटीतल्या बाकीच्याही; खिडकीतून ऐकून मी वाजवायचो. प्यायला पाणी मागितलं तर स्वयंपाकीणबाई वरून ओतायच्या, मी ओंजळ धरायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते. माझं सगळं लक्ष त्या डब्याकडं.

त्या वादकांची नावं मला कुणी सांगितली नाहीत. मग मीच ठेवली. एकजण लांब सुराच्या आधी घाईनं दोनदा श्वास घ्यायचा, त्याला मी दम्या म्हणायचो. एकजण वाजवताना हसतोय असं वाटायचं, तो लाडोबा. एकाच्या वाद्याची तोंडात धरायची पत्ती कायम ओली, थुंकी झाडायचा आळस, तो आमच्या सख्ख्या मामासारखा, म्हणून मामा. दिवसभर मी त्यांच्याच संगतीत असायचो. ते काळे आहेत की गोरे, जिवंत आहेत की मेलेले, काही ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या छातीत काय चाललंय ते मला ठाऊक होतं.

तो रविवार आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, बँडच्या ड्रेसमध्येच ये. मी ऐन उन्हात लाल कोट घालून गेलो, मागच्या दाराशी चपला काढल्या, आतल्या खोलीत स्टुलावर बसलो. डॉक्टरांनी ती काळी क्लारनेट डब्यातून काढून माझ्या हातात दिली. पडद्यापलीकडं कपबशा वाजत होत्या. पहिली रेकॉर्ड लागली. लाडोबा. दुसरी, एक अनोळखी. तिसरी दम्या. बाहेर माणसं अडखळत होती, नावांवरून वाद घालत होती, आणि मी आत गालातल्या गालात हसत होतो.

सातव्या रेकॉर्डनंतर डॉक्टर बाहेर जाऊन थोडं बोलले. मी पडद्याच्या आतून ऐकत होतो.

"ह्या काळ्या वादकांची हकीकत मोठी वाईट आहे," ते म्हणाले. "ज्या हॉटेलात वाजवायला बोलवायचे, तिथं पुढच्या दारानं यायची बंदी. मागच्या दारानं आत घ्यायचे. जेवण स्वयंपाकघरात. पाणीसुद्धा वेगळं."

बाहेर हळहळ झाली. कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, "काय ही माणुसकी." वकीलसाहेबांनी च्च च्च केलं.

मी माझ्या पायांकडं बघितलं. अनवाणी होते. चपला मागच्या दाराशी.

दम्या त्या दारानं आत गेला होता. मामा गेला होता. मला ते इतके ओळखीचे का वाटत होते ते कळलं. आणि हेही कळलं की पलीकडं बसलेल्या एकालाही आपल्या घराचं मागचं दार आठवलं नाही. डॉक्टरांनाही नाही. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

डॉक्टर आत आले, त्यांनी सुई ठेवली, मला खूण केली. पियानो सुरू झाला. ठरलेली धून मी अर्धी वाजवली. मग सोडली. आबा मारुतीच्या पायरीखाली जे वाजवायचे ते मी वाजवलं. त्याच ढोलावर ते बसलं. एका दमात, नवरदेव बाहेर येईपर्यंत. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले.

रेकॉर्ड संपली. मग वकीलसाहेबांचा आवाज. "हा काळाच. शंकाच नको. पिढ्यानपिढ्या सोसल्याशिवाय असा सूर येत नाही. माझे दहा."

प्राध्यापकांनीही दहा दिले. आणि मग पडदा सरकला.

हसणं संपल्यावर प्राध्यापक म्हणाले, "मला पहिल्यापासून संशय होता." त्यांनीही मार्क कमी केले. मला वाटलं, डॉक्टर काहीतरी बोलतील. पण त्यांची गंमत साधली होती, ते खुशीत होते. मी जायला उठेन अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी उठलो आणि दिवाणखान्यात आलो.

"अजून दोन रेकॉर्डी हायत न्हवं?" मी म्हणालो. "मलाबी खेळू द्या की."

पुन्हा हशा. पण डॉक्टरांना तीही गंमतच वाटली. त्यांनी नववी लावली. खुर्ची कुणी दिली नाही, मी दाराशी उभा. चार सूर झाले आणि मी म्हणालो, "हा तिसऱ्या नंबरचाच माणूस हाय."

"नाही रे," डॉक्टर म्हणाले. "तिसरी वेगळ्या बँडची आहे. ही दुसऱ्याची."

"बँड कुणाचाबी असू द्या. वाजिवणारा तोच. लांब सुराच्या आदी दोनदा दम घेतोय. आणि तवा तरुण हुता, आता खालचा दात पडलाय त्याचा."

डॉक्टर आत गेले. दोन्ही रेकॉर्डींची पाकिटं घेऊन आले, मागची बारीक अक्षरं खिडकीशी धरून वाचली. पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे. दोन्हींत तोच आहे."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता तरी मानतील. एवढ्या माणसांत ते कुणालाच आलं नव्हतं. प्राध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ह्याला ज्ञान म्हणत नाहीत," ते डॉक्टरांना म्हणाले. माझ्याकडं न बघता. "कुत्र्याला वास कळतो, तसा ह्यांना सूर कळतो."

डॉक्टर मला सावरायला पुढं आले. माझ्या हातातल्या काळ्या क्लारनेटकडं बोट करून म्हणाले, "असू दे. ही घेऊन जा. तू तोंड लावलंस, आता घरात कोण हात लावणार तिला?"

त्यांनी ते प्रेमानं म्हटलं. हेच मला आजही सहन होत नाही. शिवी दिली असती तर मी शिवी देऊन मोकळा झालो असतो.

क्लारनेट माझ्या हातात होती. इतकी हलकी की बोट टेकलं की बोलायची. मी ती वकीलसाहेबांच्या मांडीवर ठेवली, त्या कागदावर, जिथं दहा खोडून चार केले होते. ते दचकून मागं सरले. उभे राहिले, क्लारनेट घसरून गालिच्यावर पडली.

"बक्षीस दहावाल्याचं हुतं," मी म्हणालो. "मला तुमी चार दिलेत."

आणि मी पुढच्या दारानं बाहेर पडलो.

चपला मागंच राहिल्या. फाटकाबाहेर आल्यावर ते लक्षात आलं. एप्रिलचं ऊन, डांबर मऊ झालेलं. वळसा घालून मागच्या दाराशी जाणं मला शक्य नव्हतं. सात रस्ता चौकापर्यंत तसाच चालत गेलो, तिथून वस्तीपर्यंत. घरी पोचलो तेव्हा तळव्यांना फोड आले होते. बायकोनं विचारलं, "चपला कुटं टाकल्या?" मी कोट काढून फेकला आणि भिंतीकडं तोंड करून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा गडी चाँदभाईंच्या दुकानात आला. एका हातात मखमलीचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या चपला. डॉक्टरांचा निरोप होता: पुढच्या महिन्यात पुण्याचे पाहुणे आहेत, तीच गंमत पुन्हा करू, ड्रेस घालून ये.

मी चपला घेतल्या. पायात घातल्या. डबा परत केला.

चाँदभाई हबकले. "पागल हुआ क्या रे? घर चलके आयी चीज नको बोलता?"

"नको," मी म्हणालो. आणि गड्याला म्हणालो, "सायबाला सांग, तो खोडलेला दहा परत लिवून द्या. खाली सही घ्या वकीलसायबाची. मग बघू."

तो कागद आला नाही. मी वाटही पाहिली नाही.

त्या महिन्यात मी गावी गेलो. आबांना समोर बसवलं, म्हणालो, "आता पायरीखाली वाजवायचं न्हाय." ते म्हणाले, "मग काय उपाशी मरू?" खोटी आशा मी दाखवली नाही. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या लग्नसराईत मी आणि बँडमधली दोघं अडून बसलो: फाटकाबाहेर उभं राहून वाजवणार नाही, मांडवात सगळ्यांबरोबर बसू, सगळ्यांबरोबर जेवू. तीन लग्नं हातची गेली. चाँदभाईंनी मला शिव्या घातल्या आणि चौथ्या लग्नात स्वतःच यजमानाशी भांडले.

अजूनही लोक येतात. म्हणतात, तुमच्या हातात जादू आहे, काय ते देणं. मी अट सांगतो. मी वाजवीन. पण पडदा लावून नाही, पायरीखाली नाही, ओट्यावर नाही. आधी माझ्या तोंडाकडं नीट बघायचं, माझी जात विचारायची, ती मी सांगणार. मग सूर ऐकायचा आणि मग मार्क द्यायचे. ज्याला हे जमत नाही त्यानं घरी रेकॉर्ड लावावी.