पोस्टरवर चालतं, आत चालत नाही

धुलाईच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे एक बाई बसते. आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचे, नंबरची चिठ्ठी टाचायची, तुटलेलं बटण लावायचं, उसवलेली शिवण घालायची, हे तिचं काम. शाळा सुटली तेव्हा त्या खुर्चीवर बसली, ती केस पिकले तरी तिथेच आहे. पुढच्या काउंटरवर मालकाने तिला कधी बसवलं नाही. "गिऱ्हाईक ओळखतं," एवढंच म्हणाला. गल्लीत तिला 'पोस्टर' म्हणतात. हल्लीच्या पोरांना विचारलं, का रे म्हणता, तर त्यांना सांगता यायचं नाही. आईबाप म्हणतात म्हणून तीही म्हणतात. नाव पडायला एक दिवस पुरतो, पुसायला जन्म पुरत नाही.

राहते भावाकडे, मागच्या खोलीत. घरात तिला सगळे आत्याच म्हणतात. भाऊ, म्हणजे दादा, मोठा सज्जन माणूस. आयुष्यभर कचेरीत हिशेब तपासले, कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. दर आठवड्याला घरी प्रार्थना असते. शेजारपाजार जमतो, दादा धर्मग्रंथ वाचतो, वर चार शब्द सांगतो. आवाज असा की दगडाला पाझर फुटावा. आत्या त्या वेळी स्वयंपाकघरात बसून दाराआडून ऐकते. पुढे ये असं तिला कुणी म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. देव काही पहिल्या रांगेतल्यांचीच हजेरी घेत नाही, अशी तिची श्रद्धा, आणि ती खरीच आहे.

त्या दिवशी भाची कॉलेजातून आली ती चपला न काढताच आत घुसली. मांडीवर लॅपटॉप उघडला.

"आत्या, ही तू आहेस ना? ही भुवई बघ. खरं सांग!"

पडद्यावर एक जुनं, विटलेलं पोस्टर होतं. पांढऱ्या कोटातली एक परिचारिका, ओठ लालभडक, कोटाची वरची दोन बटणं उघडी. आणि तिच्या खांद्यापाशी, मुंडक्याएवढ्या अक्षरांत: फक्त प्रौढांसाठी.

वहिनी पोळपाट टाकून धावत आली. "बंद कर ते आधी! बाबा आत जपाला बसलेत."

"आई, अभ्यास आहे माझा. एक जुना सिनेमा घ्यायचा, त्याची जाहिरात कशी केली, कुठल्या वयाचं प्रमाणपत्र मिळालं, कुणाला खेचायचं होतं, ते सगळं शोधून लिहायचं. मार्क आहेत त्याला."

"असले अभ्यास? आमच्या वेळी भूगोल होता."

आत्याची नजर त्या बटणांवर होती.

घडलं होतं ते असं. गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्यात चित्रीकरण चाललं होतं, आणि त्या लोकांचे कपडे धुवायला याच दुकानात येत. परिचारिकेचा कोट द्यायला ही गेली. ती भूमिका करणारी बाई तापाने आडवी पडलेली, दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसलेला. त्याने हिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. कोट हिला बेतल्यासारखा बसला. आईला विचारलं, आई स्वतः सोबत गेली, कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिली. एका सकाळचं काम. त्या कोटाची बटणं हिनेच आदल्या दिवशी घट्ट करून दिली होती, गळ्यापर्यंत लावूनच ती उभी राहिली. नंतर कुणा रंगाऱ्याने ब्रशाच्या दोन फटकाऱ्यांत ती उघडली.

सिनेमा लागला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. नवा पोशाख घालून आईबरोबर थेटरावर गेली. दारावरच्या माणसाने अडवलं. वय विचारलं. तिने भोळेपणाने वरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं, "अहो, ती मीच आहे!" तो रांगेकडे वळून हसला. "पोस्टरवर चालतं, बाई. आत चालत नाही." सगळी रांग हसली. स्वतःचं काम तिने कधी पाहिलंच नाही.

तिला पाहून पसंत करून गेलेली मंडळी होती. त्यांचा निरोप आला, आम्हाला जमायचं नाही. तेव्हा ती दादाच्या हातापाया पडली. दादा तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, गावात वजन असलेला. "एकदा जाऊन सांग ना त्यांना. त्यात तसलं काही नाही रे." दादा म्हणाला, "न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मी देणार नाही. देवाला जाब द्यायचाय मला." आपला भाऊ सत्यवचनी आहे, हे मानून ती गप्प बसली. पुढे आई गेली. कोपऱ्यातल्या स्टुलावरून पाहणारं जे एक माणूस होतं, तेही गेलं. मग हिची बाजू सांगणारं उरलं कोण?

"आत्या, ऐक तरी," भाची म्हणत होती. "त्या सिनेमाला प्रौढांचं प्रमाणपत्र कशासाठी मिळालं माहितेय? खुनासाठी. आजारी म्हाताऱ्याला कुऱ्हाडीने मारतात, त्या एका प्रसंगासाठी. आणि जाहिरातीत कुऱ्हाड आहे का कुठे? नावाला नाही! अक्षरं नेमकी तुझ्या खांद्यापाशी. म्हणजे शिक्का रक्ताचा, आणि त्यांनी विकलं तुला."

आत्याने पदराने तोंड पुसलं. इतक्या वर्षांत हे कुणी तिच्या तोंडावर, तिच्या बाजूने म्हटलं नव्हतं.

"मग तू पाहिलास का गं? मी त्यात काय केलंय ते दिसलं ना तुला?"

भाची जरा अडखळली. "तू नाहीयेस त्यात. मला मिळाली ती टीव्हीवरची प्रत. घरात सगळ्यांना बघता यावी म्हणून तो खुनाचा प्रसंगच काढून टाकलाय, आणि तू नेमकी त्याच प्रसंगात असणार. म्हणून तर मला तेव्हा थेटरात पाहिलेला प्रेक्षक हवाय. मुलाखत लागते एक. सगळी गल्ली पालथी घातली. जो तो म्हणतो, छे छे, आपण नाही बुवा तसले सिनेमे बघत! महिना महिना थेटर भरलेलं होतं म्हणे. बघितला कुणी, भुतांनी?"

वहिनीसुद्धा हसली.

"मीच सांगते की," आत्या म्हणाली. बोलताना तिचा आवाज कोवळा झाला. "म्हाताऱ्याला औषध पाजलं. उशी सारखी केली. खिडकी लावली आणि दार ओढून गेले. संपलं. मी गेल्यावर मारतात त्याला."

"खिडकी नव्हे, दिवा." आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. हिशेबातली चूक दाखवावी तसा. "दिवा बारीक केलास तू. खिडकी मागाहून तो नोकर लावतो."

तिघींनी एकदम आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत जपमाळेचे मणी थांबले.

दोन्ही प्रकारे करून घेतलं होतं त्या सकाळी. एकदा खिडकी, एकदा दिवा. त्यातलं काय ठेवलं ते आत्यालाही ठाऊक नव्हतं. ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक असणार.

ती उठून दारात उभी राहिली. "दादा, तू पाहिलास?"

दादा माळेकडे बघत म्हणाला, "घराची अब्रू होती. कुणीतरी पाहायला हवंच होतं."

"मग? काय दिसलं तुला?"

"काही नाही. तू म्हणतेस तेवढंच."

"मग त्या मंडळींना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? की मीही त्या रांगेत उभा होतो? तेव्हा प्रार्थनामंडळात नुकतंच घेतलं होतं मला. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं."

"माझ्या तोंडात घातलं ते चाललं?"

"मी देवाजवळ क्षमा मागितली त्याच रात्री. आणि मला मनातून ठाऊक आहे, त्याने ती केली."

"त्याने केली असेल," आत्या म्हणाली. "पोस्टरवर तो नव्हता."

भाची दाराशी येऊन उभी होती. डोळे भरलेले. तरी पोरीच्या जातीला साजेल तेवढा धीर करून तिने विचारलं, "बाबा, हे मी लिहू? प्रेक्षक म्हणून तुमचं नाव घालू?"

"लिही काय ते. नाव नको."

"माझं तोंड चौकाचौकात लावलं होतं, दादा. कुणी विचारलं नव्हतं, लावू का म्हणून."

दादाने माळेचा मणी पुन्हा ओढायला घेतला. वहिनी नवऱ्याकडे बघत होती, जणू आजच ओळख झाली. पण बोलली ती आत्याशीच, "वन्सं, जाऊ द्या आता. झालं ते झालं." जाऊ द्या म्हणायला आपल्या बायकांना फार लवकर शिकवतात. भाचीनेही शेवटी लिहिलं, "एक प्रेक्षक, नाव देण्याची इच्छा नाही." बापाच्या घरात राहून ती तरी आणखी काय करणार?

आत्याने एकच मागितलं. "उद्या प्रार्थनेला माणसं जमतील. त्यांच्यापुढे सांग. 'मी पाहिलाय, माझ्या बहिणीने त्यात काही वावगं केलेलं नाही.' एवढं एक वाक्य. मग मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही."

"बघू," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. आत्या धुतलेली साडी नेसून आली आणि पहिल्या रांगेत, मधोमध बसली. कुजबुज झाली, "पोस्टर आज पुढे कशी?" दादाच्या कानावर ती गेलीच असणार. त्याने ग्रंथ उघडला, पान सापडेना. सापडलं ते वाचलं. मग चार शब्द सांगायची वेळ आली. त्याने आत्याकडे पाहिलं.

"माणूस आहे," दादा म्हणाला, "कळत नकळत चुका होतात. आपल्या सगळ्यांच्याच होतात. देवाने त्या पोटात घालाव्यात."

आणि थांबला. एक वाक्य मावेल एवढी जागा होती ती. ती भरली शेजारच्या म्हाताऱ्या बाईने. डोळे पुसत ती म्हणाली, "किती मोठं मन हो तुमचं, दादा! असं असूनही बहिणीला आज पुढे बसवलंत. कोण करतं हल्ली?"

"खरंय, खरंय," सगळे म्हणाले. माना डोलल्या.

दादाने हात जोडले आणि मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आत्या उठून आत गेली. तिच्या पाठीमागे प्रार्थनेचा शेवटचा चरण सगळ्यांनी मिळून म्हटला, दादाचा आवाज सगळ्यांच्या वर.