दाराकडे तोंड केलेलं बाक

देवपूरकरांनो, आज महापालिकेने आमच्या गल्लीत बाक बसवलं, तेही थेट माझ्या दाराकडे तोंड करून. "रस्त्याकडे केलं तर बसणाऱ्याचे पाय गाडीखाली जातील, अक्का," कामगार म्हणाला.

दुपारी अनोळखी माणसं येऊन बसली. तिथून माझं स्वयंपाकघर दिसतं, म्हणून मी दार लावलं.

थोड्याच वेळात शेजारची सुमन दार बडवू लागली. "अक्का, बरी शे ना तू?"

हे गेल्यापासून मी एकटीच असते. दिवसा दार बंद दिसलं, तर तिने बघायला यायचं असं आमचं ठरलेलं आहे.

बाक फिरवायची तक्रार केली आहे. तोवर दार रोज बंद राहील. सुमनला बंद दाराची सवय झाली तर? तुम्ही काय केलं असतं?